अडलात तिथेच लिहा: ओपन सोर्समध्ये पहिलं काम करणाऱ्यांसाठी

नागपुरात सॉफ्टवेअर शिकणाऱ्यांना तोटा नाही. व्हीएनआयटी आहे, ट्रिपल आयटी आहे, हिंगणा रोडपासून काटोल रोडपर्यंत कॉलेजं आहेत. तिथून निघालेली मुलंमुली परसोडीच्या आयटी पार्कात, मिहानमध्ये, नाहीतर पुण्या-हैदराबादला कामाला लागतात. ओपन सोर्स सॉफ्टवेअर, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना वाचता, वापरता आणि बदलता येतो असं सॉफ्टवेअर, यातले जवळजवळ सगळेच रोज वापरतात. पण त्यात स्वतः काम करायचा विषय निघाला की एकच उत्तर ऐकू येतं: "दादा, मला एवढं कोडिंग कुठे येतं?"

माझं म्हणणं असं, की प्रकल्पाला हवी असलेली एक गोष्ट फक्त नवख्याकडेच असते. प्रकल्प सांभाळणाऱ्या मेंटेनरने स्वतःच्या कॉम्प्युटरवरची मांडामांड कैक वर्षांपूर्वी केलेली असते. इन्स्टॉल करताना माणूस कुठे अडतो, हे त्याला आता आठवतही नाही. त्याच्याकडे बहुतेक वेळा लिनक्स किंवा मॅक असतो आणि फाइलींमध्ये इंग्रजी मजकूर. तुमच्याकडे विंडोजचा लॅपटॉप, मराठी मजकूर आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवरचं इंटरनेट. तुमच्याकडे जे मोडतं ते त्याच्या नजरेला कधी पडलेलंच नसतं. ते नीट लिहून देणं हे तुमचं पहिलं काम. डॉक्युमेंटेशनपासून, म्हणजे सॉफ्टवेअर कसं वापरायचं ते सांगणाऱ्या मजकुरापासून, सुरुवात केली की कोडपर्यंतची वाट त्यातूनच निघते.

वापरातला प्रकल्प निवडा

सगळ्यांत नावाजलेला प्रकल्प शोधत बसू नका. तुम्ही खरोखर वापरता ती लायब्ररी, तो एडिटर किंवा ते टूल घ्या. ते बिघडलं तर तुमचं काम अडतं, आणि काम अडलेला माणूस नेमकं लिहितो.

निवडण्याआधी तीन गोष्टी बघा. शेवटचं कमिट, म्हणजे कोडमधल्या बदलाची नोंद, कधीचं आहे? बाहेरून आलेल्या पुल रिक्वेस्टना, म्हणजे 'माझा बदल प्रकल्पात घ्या' या विनंत्यांना, कोणी उत्तर देतं का? आणि लायसन्सची फाइल आहे का? कोड इंटरनेटवर उघडा दिसतो म्हणून तो ओपन सोर्स ठरत नाही. लायसन्स दिलेलं नसेल तर कॉपीराइटचे सगळे हक्क लिहिणाऱ्याकडेच राहतात. एमआयटी, अपाचे २.० आणि जीपीएल ही लायसन्स तुम्हाला वारंवार भेटतील. एमआयटी साधारण एवढंच मागतं, की कॉपीराइटची ओळ आणि लायसन्सचा मजकूर सोबत ठेवा. जीपीएलखालचा कोड बदलून दुसऱ्याला दिलात, तर सोर्सही त्याच लायसन्सखाली द्यावा लागतो. कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये कुणाचा कोड उचलतानाही हा फरक लक्षात असू द्या.

मग रीडमी, म्हणजे प्रकल्पाची ओळख आणि इन्स्टॉल करायच्या सूचना देणारी फाइल, वाचा आणि त्यानंतर कॉन्ट्रिब्यूटिंगची, म्हणजे बाहेरून काम पाठवण्याच्या नियमांची फाइल. ब्रँचचं (कोडच्या वेगळ्या फांदीचं) नाव कसं ठेवायचं, टेस्ट (कोड तपासणारे छोटे प्रोग्राम) कशा चालवायच्या, आधी इश्यू (अडचणीची नोंद) उघडायचा की थेट पुल रिक्वेस्ट पाठवायची, हे तिथे लिहिलेलं असतं. ते झाल्यावर नुकत्याच मंजूर झालेल्या पाच-सहा पुल रिक्वेस्ट त्यांच्याखालच्या चर्चेसकट वाचून काढा. कुठल्या गोष्टीवर रिव्ह्यू करणारे अडून बसतात आणि कुठली सोडून देतात, हे नियमांच्या फाइलीपेक्षा तिथे जास्त कळतं.

इन्स्टॉल करताना वही उघडी ठेवा

ही पायरी सगळ्यांत महत्त्वाची आहे, आणि नेमकी हीच लोक घाईत उरकतात.

रीडमीत जे लिहिलंय तेवढंच करा. स्वतःच्या माहितीने गाळलेल्या जागा भरू नका. प्रत्येक पायरीला चार गोष्टी टिपा: कोणती आज्ञा दिली, काय व्हायला हवं होतं, काय झालं, आणि एररचा मजकूर अक्षरशः काय होता. सोबत ऑपरेटिंग सिस्टिमची आणि भाषेची आवृत्ती. हे त्याच दिवशी करा. दुसऱ्यांदा इन्स्टॉल करताना हात आपोआप योग्य जागी जातात आणि अडलेली जागा दिसेनाशी होते.

विंडोजवर बसून काम करणाऱ्याला काही खड्डे हमखास भेटतात. रीडमीत आज्ञा 'पायथन ३' या नावाने दिलेली असते आणि तुमच्याकडे ती नुसत्या 'पायथन' नावाने चालते. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (एका प्रकल्पापुरती वेगळी ठेवलेली पायथनची मांडणी) सुरू करायची स्क्रिप्ट लिनक्सवर 'बिन' फोल्डरमध्ये असते, विंडोजवर 'स्क्रिप्ट्स'मध्ये. फोल्डरच्या नावात मोकळी जागा असली की काही स्क्रिप्ट तुटतात, आणि 'न्यू फोल्डर' तर आपल्यापैकी अर्ध्यांच्या डेस्कटॉपवर असतोच.

एक उदाहरण सविस्तर बघू, कारण ते मराठी वापरणाऱ्याच्याच वाट्याला येतं. समजा काही विद्यार्थ्यांनी पायथनमध्ये एक छोटा प्रकल्प केला आहे. कळमन्याच्या बाजारातले शेतमालाचे दर मराठीत टंकलेल्या फाइलीतून वाचायचे आणि त्यांचा तक्ता करायचा. प्रकल्प काल्पनिक आहे, पण अडचण खरी आहे. पायथनमध्ये फाइल उघडताना एन्कोडिंग (अक्षरं आकड्यांत साठवायची पद्धत) सांगितलं नाही, तर ३.१४ पर्यंतच्या आवृत्त्या ऑपरेटिंग सिस्टिमचं ठरलेलं एन्कोडिंग घेतात. लिनक्सवर आणि मॅकवर ते बहुधा यूटीएफ-८ असतं, म्हणून तिथे सगळं सुरळीत चालतं. आपल्याकडच्या बऱ्याच विंडोजवर ते जुनं पाश्चात्त्य एन्कोडिंग निघतं, विंडोज-१२५२. मग त्याच फाइलीत 'नागपूर' असेल तर पडद्यावर न वाचता येणारी चिन्हं उमटतात, आणि 'संत्रा' असेल तर प्रोग्राम एरर देऊन थांबतो. दोन शब्दांची दोन तऱ्हा का? यूटीएफ-८ मध्ये जोडाक्षरात येणाऱ्या हलन्ताच्या चिन्हाचा शेवटचा बाइट असा आहे, की विंडोज-१२५२ मध्ये त्या जागी कोणतंच अक्षर नेमलेलं नाही. म्हणजे जोडाक्षर आलं की प्रोग्राम कोसळणार. ऱ्हस्व उकार, ए, झ अशा काही अक्षरांचंही तसंच होतं. यांतलं काहीच नसेल तर कचरा दाखवत पुढे जाणार. दुरुस्ती एका शब्दाची आहे: फाइल उघडताना एन्कोडिंग यूटीएफ-८ असं स्पष्ट सांगायचं. इंग्रजी फाइलींवर काम करणाऱ्या मेंटेनरला ही चूक दहा वर्षांतही दिसणार नाही. तुम्हाला पहिल्याच संध्याकाळी दिसते.

इंटरनेटबद्दल एक छोटी सोय सांगतो. मोठा रेपो (प्रकल्पाच्या फाइली आणि त्यांचा इतिहास यांचा साठा) हॉटस्पॉटवर पूर्ण उतरवायला बराच डेटा जातो. गिट या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या टूलने क्लोन करताना, म्हणजे रेपोची प्रत उतरवताना, 'डेप्थ १' हा पर्याय दिला तर जुना इतिहास सोडून फक्त ताजी अवस्था येते. डॉक्युमेंटेशनच्या कामाला तेवढी पुरते. इतिहास लागलाच तर तो नंतर मागवता येतो.

पहिली पुल रिक्वेस्ट

वहीतली एकच अडचण निवडा. ती आधी कुणी मांडली आहे का, हे उघड्या आणि बंद अशा दोन्ही इश्यूंमध्ये शोधा. एररच्या मजकुरातला एखादा वेगळा तुकडा घेऊन शोधलं तर लवकर सापडतं. नसेल तर फोर्क करा (रेपोची प्रत स्वतःच्या खात्यात घ्या), क्लोन करा, नवी ब्रँच काढा, बदल करा. मेन ब्रँचवर थेट काम करू नका, नाहीतर दुसरा बदल सुरू करताना पहिला त्यात मिसळून जातो.

पुश करण्याआधी, म्हणजे बदल वर चढवण्याआधी, 'गिट डिफ' या आज्ञेने दिसणारे बदल ओळीओळीने वाचा. एक ओळ बदलली आणि डिफमध्ये चारशे ओळी लाल-हिरव्या दिसल्या, तर थांबा. बहुतेक वेळा ओळीच्या शेवटाचं चिन्ह बदललेलं असतं. विंडोज ओळ संपवायला दोन अक्षरं वापरतं, लिनक्स एक. गिटची 'ऑटो सीआरएलएफ' सेटिंग आणि रेपोतली 'गिट-अॅट्रिब्यूट्स' फाइल बघा. दुसरा संशयित म्हणजे एडिटर. सेव्ह करताच फाइल स्वतःच्या पद्धतीने मांडून देण्याची सोय चालू असेल तर या कामापुरती ती बंद करा. चारशे ओळींच्या पसाऱ्यात तुमची एक खरी ओळ शोधत बसायला कुणाकडेही वेळ नसतो.

आता एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. २०२० च्या हॅक्टोबरफेस्टमध्ये, म्हणजे ओपन सोर्समध्ये काम करायला लावणाऱ्या ऑक्टोबर महिन्यातल्या उपक्रमात, टी-शर्ट मिळवण्यासाठी असंख्य लोकांनी रीडमीत एखादं विशेषण घालून पुल रिक्वेस्ट पाठवल्या. मेंटेनर इतके हैराण झाले, की आयोजकांना त्याच महिन्यात नियम बदलावा लागला. जे प्रकल्प स्वतःहून सहभागी होतील तेवढेच धरायचे, असं ठरलं. २०२४ च्या सुरुवातीला एक्सप्रेस या जावास्क्रिप्ट प्रकल्पावर तीच वेळ आली. एका व्हिडिओतलं प्रात्यक्षिक जसंच्या तसं करून मुलांनी त्याच्या रीडमीत स्वतःची नावं घालायला सुरुवात केली. त्यात आपल्या देशातले विद्यार्थी मोठ्या संख्येने होते. याची झळ पुढे खऱ्या कामानिशी येणाऱ्या भारतीय मुलांना बसते, कारण नवं खातं दिसलं की मेंटेनर सावध होतो. सराव करायचा असेल तर स्वतःचा रेपो काढा, मैत्रिणीला त्यावर पुल रिक्वेस्ट पाठवायला सांगा आणि दोघं मिळून सगळी प्रक्रिया करून बघा. अभ्यासिकेत बसून एका संध्याकाळी होतं. दुसऱ्याच्या प्रकल्पात जाताना मात्र हातात खरी अडचण आणि तिची तपासलेली दुरुस्ती असली पाहिजे. शुद्धलेखनाची चूकही चालते, पण ती वाचणाऱ्याला खरोखर अडवणारी हवी.

डॉक्युमेंटेशन लिहायचं कसं

नागपुरात पत्ता चौकावरून सांगतात. "शंकरनगर चौकातून आत ये, मग डावीकडे" हे धरमपेठेतल्या माणसाला पुरतं. अजनी स्टेशनवर पहिल्यांदाच उतरलेल्याला शंकरनगर कुठल्या दिशेला आहे तेच माहीत नसतं. रीडमी लिहिताना वाचणारा अजनीला उतरला आहे असं धरा.

पाहा, असा मजकूर किती ठिकाणी दिसतो: "पायथन टाकून घ्या, नेहमीसारखं सेटअप करा आणि प्रोग्राम चालवा." यातलं 'नेहमीसारखं' कुणाचं? त्याऐवजी असं लिहिता येतं: "पायथन ३.१० किंवा पुढची आवृत्ती लागते. प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये टर्मिनल उघडा. खालची आज्ञा द्या. सगळं ठीक असेल तर 'दर वाचले: ३' अशी ओळ दिसेल. 'मॉड्यूल सापडलं नाही' असं आलं तर व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट सुरू केलेलं नाही." आज्ञेनंतर काय दिसायला हवं हे सांगितलं की वाचणाऱ्याला स्वतःची प्रगती तपासता येते. आणि 'फक्त', 'सोपं आहे', 'नुसतं एवढं करा' हे शब्द काढून टाका. ज्याला ते जमत नाही, त्याला हे शब्द टोचतात.

डॉक्युमेंटेशनचे चार प्रकार धरण्याची एक पद्धत आहे, डायाटॅक्सिस नावाची. डॅनिएले प्रोचिडा यांनी ती मांडली. शिकणाऱ्याचा हात धरून नेणारा धडा, ठरावीक काम करून देणारी कृती, प्रत्येक फंक्शनची नेमकी माहिती देणारा संदर्भ, आणि हे असं का केलं याचं विवेचन. आपल्याकडे या चौघांची खिचडी होते. धडा मध्येच थांबून इतिहास सांगायला लागतो. संदर्भाच्या पानावर इन्स्टॉल करायच्या सूचना येतात. काही लिहिण्याआधी स्वतःला विचारा, की वाचणारा आत्ता शिकायला आलाय, काम उरकायला आलाय, काही तपासायला आलाय की समजून घ्यायला? नवख्याने 'कृती' प्रकारापासून सुरुवात करावी असं माझं मत आहे. ती छोटी असते, तिचं खरेखोटेपण लगेच तपासता येतं आणि मेंटेनर ती सहसा आनंदाने घेतात.

लिहिलेलं उदाहरण चालतं की नाही, हे चालवून बघा. पायथनमध्ये यासाठी 'डॉकटेस्ट' हे मॉड्यूल भाषेसोबतच येतं. डॉकस्ट्रिंगमध्ये, म्हणजे फंक्शनच्या सुरुवातीच्या वर्णनात, लिहिलेली उदाहरणं ते प्रत्यक्ष चालवतं आणि उत्तर जुळलं नाही तर सांगतं. डॉक्युमेंटेशन आणि कोड एकमेकांपासून दूर सरकू नयेत यासाठी याहून स्वस्त उपाय मला ठाऊक नाही. पडद्याचे फोटो कमीत कमी घाला. नवी आवृत्ती आली की ते जुने होतात, त्यांच्यात शोधता येत नाही आणि स्क्रीन रीडर वापरणाऱ्याला ते दिसत नाहीत. घालावेच लागले तर शेजारी मजकुरात वर्णन द्या.

इंग्रजीची भीती हा आपला खरा अडसर आहे, तेव्हा त्याबद्दलही बोलतो. बहुतेक मोठ्या प्रकल्पांचं डॉक्युमेंटेशन इंग्रजीत असतं आणि ते लिहिणाऱ्या अनेकांची मातृभाषा इंग्रजी नसते. एका वाक्यात एकच क्रिया ठेवा. मोठ्या शब्दांच्या मागे जाऊ नका. वाक्य मनात मराठीत तयार झालं तर आधी मराठीतच स्पष्ट लिहा, कोणती पायरी आधी आणि कोणती नंतर ते ठरवा, मगच इंग्रजीत मांडा. क्रम नीट लावलेला असेल तर व्याकरणाची चूक रिव्ह्यू करणारा दुरुस्त करून देतो. क्रमच चुकला असेल तर उत्तम इंग्रजीही त्याला वाचवू शकत नाही.

कोडकडे वळताना

पहिला नियम: घर त्यांचं आहे, मांडणीही त्यांचीच. पायथनच्या पीईपी ८ या लेखनशैलीच्या नियमावलीत चार मोकळ्या जागांचं इंडेंट आणि ७९ अक्षरांची ओळ सांगितली आहे. लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, टॅब वापरतात आणि तो आठ अक्षरांचा धरतात. दोन्हींपैकी बरोबर कोणतं, यावर वाद घालू नका. ज्या प्रकल्पात आहात तिथलं पाळा. पुष्कळ प्रकल्पांत हे काम आता ब्लॅक किंवा प्रेटिअरसारखी टूल्स करतात. कॉन्ट्रिब्यूटिंगमध्ये दिलेली आज्ञा चालवली की झालं.

कॉमेंटमध्ये 'का' लिहा. ओळ काय करते ते कोड सांगतोच. बाजारभावाच्या आपल्या काल्पनिक प्रकल्पात 'स्वल्पविराम काढला' अशी कॉमेंट निरुपयोगी आहे. "फाइलीत रक्कम १,२५,००० अशी येते आणि पायथनचं इंट फंक्शन स्वल्पविराम स्वीकारत नाही, म्हणून आधी काढतो" ही उपयोगी. डॉकस्ट्रिंगमध्ये फंक्शन काय घेतं, काय परत देतं आणि कोणत्या परिस्थितीत एरर देतं, एवढं आलंच पाहिजे.

नवा कोड दिला की टेस्ट द्या. चूक दुरुस्त करताना तर टेस्ट आधी लिहा. जुन्या कोडवर ती नापास झालेली बघा, मग दुरुस्ती करा आणि ती पास होते का ते पाहा. नापास झालेली न पाहिलेली टेस्ट खरोखर काही तपासते का, हे कळायला मार्ग नसतो.

टेस्ट लिहिताना मराठी वापरणाऱ्याकडे असा माल असतो जो इतरांना सहज सुचत नाही. काही नमुने देतो.

'नागपूर' हा शब्द डोळ्यांना चार अक्षरांचा दिसतो. पायथनला त्याची लांबी विचारली तर सहा येते, कारण काना आणि उकार वेगळे मोजले जातात. यूटीएफ-८ मध्ये त्याचे बाइट अठरा होतात. एखाद्या प्रोग्रामने पहिली चार अक्षरं कापून दाखवायची म्हटली तर पडद्यावर 'नागप' येतं. नावाची लांबी मर्यादित ठेवणारा कुठलाही फॉर्म या टेस्टने तपासून बघा.

'पऱ्हाटी' हा आपल्या विदर्भातला रोजचा शब्द. त्यातला ऱ युनिकोडमध्ये (जगभरच्या लिप्यांतल्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत) दोन प्रकारे साठवता येतो: एकसंध एक चिन्ह, किंवा र आणि त्याखाली नुक्ता, म्हणजे टिंब. दिसायला दोन्ही सारखेच, पण प्रोग्रामने सरळ तुलना केली तर उत्तर 'वेगळे' येतं आणि शोध रिकामा परततो. तुलनेआधी दोन्ही मजकूर एनएफसी या एकाच रूपात आणले की प्रश्न सुटतो. पायथनमध्ये त्यासाठी 'युनिकोडडेटा' हे मॉड्यूल आहे.

आकड्यांचंही तसंच. पायथनचं इंट फंक्शन '१२३' हे मराठी आकडे थेट समजून घेतं. जावास्क्रिप्टचं नंबर फंक्शन त्याच मजकुराला 'संख्या नाही' असं उत्तर देतं. रेग्युलर एक्स्प्रेशनमधलं (मजकुरातले नमुने शोधायच्या सूत्रातलं) अंकाचं चिन्हही पायथनच्या मजकुरात मराठी अंक धरतं, जावास्क्रिप्टमध्ये फक्त इंग्रजी. एका भाषेतून दुसरीत आणलेल्या लायब्ररीत अशा चुका लपून राहतात. अशी एक टेस्ट आणि सोबत दोन ओळींची दुरुस्ती, ही चांगल्या प्रकल्पातली सन्मानाची पहिली पुल रिक्वेस्ट होऊ शकते.

एआयच्या मदतीने कोड लिहिण्याबद्दल: प्रकल्पाचं धोरण आधी वाचा. जेंटू आणि नेटबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रकल्पांनी २०२४ मध्ये असा कोड घेण्यावर बंधन आणलं. इतर काही ठिकाणी चालतो, पण सांगावं लागतं. धोरण काहीही असो, रिव्ह्यूमध्ये "ही ओळ का?" असं विचारलं तर उत्तर तुम्हालाच देता आलं पाहिजे. जी ओळ समजावून सांगता येत नाही ती पाठवू नका.

कमिटचा मजकूर

गिट लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्स कर्नलच्या कामासाठी लिहिलं, आणि कमिटचा मजकूर मनापासून लिहिण्याची सवयही त्याच जगातली आहे. रूढ रीत अशी: पहिली ओळ साधारण ५० अक्षरांत, मग एक ओळ रिकामी, मग सविस्तर मजकूर सुमारे ७२ अक्षरांच्या ओळींत. पहिली ओळ आज्ञेच्या रूपात असते. 'फाइल बदलली', 'अपडेट', 'फायनल' या मजकुरातून कुणाला काहीच कळत नाही. "दर वाचताना एन्कोडिंग यूटीएफ-८ ठेवा" यातून कळतं. खाली दोन-तीन वाक्यांत कारण द्या: विंडोजवर जोडाक्षर आल्यावर प्रोग्राम थांबत होता, कारण एन्कोडिंग सांगितलेलं नव्हतं. चार वर्षांनी कुणीतरी 'गिट ब्लेम' (कोणती ओळ कुणी बदलली ते दाखवणारी आज्ञा) चालवून या ओळीपाशी येईल तेव्हा त्याला विचारायला तुम्ही जवळ नसाल.

काही प्रकल्प 'साइन्ड ऑफ बाय' ही ओळ मागतात. लिनक्स कर्नलने २००४ मध्ये ही पद्धत सुरू केली. हा कोड देण्याचा मला हक्क आहे, अशी ती हमी असते. कमिट करताना 'डॅश एस' लावलं की ओळ आपोआप येते. नोकरीत असाल तर ही हमी देण्याआधी कंपनीसोबतचा करार वाचा.

रिव्ह्यू आणि वाट पाहणं

पुल रिक्वेस्टच्या वर्णनात अडचण काय होती, काय बदललं आणि तुम्ही ते कुठे तपासलं, हे लिहा. एक पुल रिक्वेस्ट, एक विषय. वाटेत दिसलेली दुसरी चूक दुसऱ्या ब्रँचवर न्या.

आपल्याकडून पाठवलेल्या मजकुरात 'रिस्पेक्टेड सर' असतं, आणि इश्यूखाली 'प्लीज असाइन मी' अशा एकाखाली एक ओळी असतात. संस्कार म्हणून पहिलं समजू शकतो, पण ओपन सोर्समध्ये नावाने बोलण्याचीच रीत आहे, आणि समोरची व्यक्ती 'सर' असेलच असं नाही. काम मागून घेण्याबाबत म्हणाल तर अनेक प्रकल्प नवख्यांना इश्यू असाइन करतच नाहीत. तिथे अशी ओळ लिहून थांबण्यापेक्षा "मी ही चूक विंडोज ११ वर घडवून पाहिली, कारण बहुधा अमुक फंक्शनमध्ये आहे, अशी दुरुस्ती करू का?" असं लिहा. याला उत्तर मिळतं.

बहुतेक मेंटेनर नोकरी सांभाळून हे काम करतात. त्यांची रात्र आणि आपला दिवस एक असू शकतो. आठवडाभर वाट बघा, मग एकदा नम्रपणे आठवण द्या. रिव्ह्यूमध्ये दहा बदल सांगितले तर खचू नका. ज्याने दहा ठिकाणी बोट ठेवलं त्याने तुमचा कोड पूर्ण वाचला आहे. प्रत्येक सूचनेखाली केलं की नाही ते लिहा. पटली नसेल तर कारण द्या. पटत नसताना गुपचूप मान्य करणं प्रकल्पाच्या उपयोगाचं नाही.

मराठी अनुवादाची वाट

कोड न येणाऱ्यालाही इथे पहिल्या दिवसापासून जागा आहे. फायरफॉक्सचा अनुवाद मोझिलाच्या पाँटून या अनुवादाच्या संकेतस्थळावर चालतो, लिब्रेऑफिसचा वेब्लेटवर. बऱ्याच प्रकल्पांत पीओ फाइली, म्हणजे मूळ वाक्य आणि त्याचा अनुवाद जोडीने ठेवणाऱ्या फाइली, असतात. त्यांत मूळ वाक्याला हात लावायचा नाही, फक्त अनुवादाची जागा भरायची. वाक्यात टक्के-एस किंवा महिरपी कंसातलं नाव आलं तर ते जसंच्या तसं ठेवा, कारण प्रोग्राम तिथे आकडा किंवा नाव भरतो. 'फझी' अशी खूण असलेली ओळ म्हणजे मूळ वाक्य बदललंय, अनुवाद पुन्हा तपासा. सुरू करण्याआधी आधीच्या अनुवादकांनी 'सेटिंग्ज', 'फोल्डर', 'डाउनलोड' यांना काय म्हटलंय ते बघा आणि तेच वापरा. एकाच मेनूत एकाच गोष्टीला दोन नावं दिसली की वापरणारा गोंधळतो. कुणी कधी म्हणत नाही असे शब्द घडवू नका. आपल्या आईला किंवा काकाला तो मेनू वाचता आला पाहिजे.

स्वतःचा प्रकल्प उघडा करताना

आपल्या कॉलेजांमधले शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट सादर झाले की कपाटात जातात. त्यांत चांगलं काम असतं. ते उघडं करायचं असेल तर आधी पासवर्ड आणि एपीआयच्या चाव्या (बाहेरची सेवा वापरायचे गुप्त संकेत) शोधा. चावी एकदा कमिट झाली असेल तर पुढच्या कमिटमध्ये पुसून भागत नाही. ती इतिहासात राहते. आधी ती चावी रद्द करून नवी घ्या, मग इतिहास साफ करायचं बघा. अशा फाइली पुन्हा आत येऊ नयेत म्हणून 'गिट-इग्नोर'मध्ये नोंद करा.

लायसन्स निवडताना टीममधल्या सगळ्यांची संमती घ्या, आणि कॉलेजचा काही नियम आहे का तेही विचारा. रीडमीत पहिल्या दोन वाक्यांत प्रकल्प काय करतो आणि कुणासाठी आहे ते येऊ द्या. टीमच्या फोटोची आणि मार्गदर्शकांच्या आभाराची जागा शेवटी. चेंजलॉग, म्हणजे कोणत्या आवृत्तीत काय बदललं याची नोंद, पहिल्या दिवसापासून ठेवा, आणि तो माणसाने माणसासाठी लिहिलेला असू द्या. कमिटची यादी तिथे चिकटवू नका. आवृत्तीचे आकडे सिमँटिक व्हर्जनिंगने द्या: जुनं वापरणाऱ्याचं काम मोडेल असा बदल असेल तर पहिला आकडा वाढतो, नवी सोय आली तर मधला, नुसती दुरुस्ती असेल तर शेवटचा. शून्याने सुरू होणारी आवृत्ती म्हणजे अजून काहीही बदलू शकतं, अशी सूचना.

मग दुसऱ्या शाखेतला एखादा मित्र किंवा मैत्रीण शोधा, मेकॅनिकल किंवा सिव्हिलची असली तर उत्तमच. लॅपटॉप त्यांचा, तुमचा नव्हे. फक्त रीडमी हातात द्या, शेजारी बसा आणि तोंडातून एक शब्दही काढू नका. ते जिथे थांबतील, मान वर करून तुमच्याकडे बघतील, ती प्रत्येक जागा टिपा आणि त्या सगळ्या जागा रीडमीत दुरुस्त करा. दुसऱ्या कुणाला घेऊन हेच पुन्हा करा. न विचारता शेवटच्या ओळीपर्यंत कुणी पोचलं की ०.१.० चा टॅग, म्हणजे आवृत्तीची खूण, लावा आणि पुश करा.